तक्रारी : निरंक

अनंतराव खांबेटे वर्षाच्या अखेरच्या दिवशी कोट घालतात आणि कोटाखाली लेंगा तसाच ठेवतात. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर ते एकटे राहतात आणि तिथेच त्यांच्या कंपनीची वार्षिक सभा भरते. लेंग्याविषयी मी एकदा फार संकोचाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ऑनलाइन कंपनी आहे. कमरेखाली ती कुणाला दिसत नाही."

कंपनी कापसाच्या वाती विकते. कल्याणच्या काही बायका वाती वळून देतात आणि मोबाइलवर जिथून मागणी येईल तिथे अनंतराव पाकिटे रवाना करतात. कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेल्या या अविवाहित गृहस्थाने हा उद्योग काढला, तेव्हा मी त्याला 'छान विरंगुळा' म्हणालो. ते दुखावले. "व्यवस्थापनाने याची नोंद घेतली आहे," एवढेच बोलले. व्यवस्थापन म्हणजे ते स्वतः. विक्री विभाग आणि पाठवणी विभागही तेच. त्यांची पुतणी दोन पाकिटे घेऊन दुबईला गेली, त्या वर्षीच्या सभेत दुबई शाखेचे अभिनंदन झाले. सभेला उपस्थिती माझी आणि माझ्या पत्नीची. सुलभा वड्यांसाठी येते, निदान ती तसे सांगते.

यांतला सर्वांत कार्यक्षम विभाग तक्रार निवारणाचा. मी त्यांच्याकडे बसलेलो असताना ठाण्याहून, टेंभी नाक्यावरून एका बाईंचा फोन आला.

"काका, तुमची वात जाम तडतडते हो! देवासमोर फटाके लावल्यासारखं वाटतं!"

दुसरा कुणी असता तर पाकीट बदलून देऊन मोकळा झाला असता. अनंतराव उठले, इस्त्रीची पँट चढवली आणि मला म्हणाले, "चला. वातीचा दोष पेटल्याशिवाय कळत नाही. दिवेलागणीलाच पोचायला हवं."

आम्ही पोचलो. त्यांनी समई कोरडी पुसली, पंखा बंद करायला लावला, वात तेलात बुडवून पिळली आणि मग पेटवली. ज्योत शांत उभी राहिली. घरातली दोन्ही मुले येऊन हात जोडून बसली. काम संपले होते, तरी अनंतराव उठेनात. ते ज्योतीकडे बघत होते की मुलांकडे, हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते.

"काका, चहा टाकू?" बाईंनी विचारले.

"व्यवस्थापनाची हरकत नाही."

येताना हातात अळूवड्यांचा डबा होता. तो परत करायला पुन्हा जावे लागणार, हे त्यांनी मला रिक्षात मोठ्या समाधानाने सांगितले.

मी औषधांच्या कंपनीत सूचनापत्रके लिहितो. गोळी कधी घ्यावी, बाटली कुठे ठेवावी. आयुष्यभर लोकांना सूचना करीत आलो, त्यामुळे कुणाचे काही बिनसलेले दिसले की माझा हात शिवशिवतो. या माणसाची दगदग वाचावी म्हणून मी वातींसाठी सुबक पत्रक लिहून दिले : समई पुसावी, वात भिजवावी, पंखा बंद ठेवावा. प्रत्येक पाकिटात ते जाऊ लागले. मला स्वतःचे जरा कौतुकही वाटले होते.

मग यंदाची सभा आली. अनंतरावांनी घसा साफ केला. "विक्री वाढली. सन्माननीय सभासदांच्या सूचनापत्रकामुळे तक्रारी निरंक." मी टाळ्या वाजवल्या. सुलभाने वाजवल्या नाहीत. ते पुढे वाचू लागले, "ग्राहकभेटी..." आणि थांबले. चष्मा काढून पुसला. "त्याही निरंक. पुढील वर्षाच्या योजना..." योजना त्यांनी सांगितल्याच नाहीत. वडे घ्या म्हणाले.

जिना चढताना सुलभा म्हणाली, "अहो, फार हुशारी केलीत! आता दिवेलागणीला कुणाच्या घरी जाऊन बसतील ते?"

इतकी वर्षे मी त्यांच्या डोक्यावर राहतो आणि संध्याकाळी कधी त्यांना वर बोलावलेले नाही, हे मला त्याच पायरीवर आठवले.

नव्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. "अनंतराव, तुमची वात पेटत नाही."

"पत्रक वाचलंत का?"

"वाचलं. मीच लिहिलंय."

"येतो."

ते आले. कोटाखाली पँट होती, तिला कडक इस्त्री होती. त्यांनी गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिले. समईतली वात बोटांत धरली, तेव्हा तिच्यातून पाणी गळले. मग माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. स्वयंपाकघरातून सुलभाने विचारले, "भावोजी, चहात आलं घालू ना?"

त्यांनी पंखा बंद केला, समई पुसली, कोरडी वात तेलात भिजवून पेटवली आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. ज्योत अगदी सरळ उभी होती.

ती बराच वेळ निरखून ते म्हणाले, "तक्रार गंभीर आहे. उद्या पुन्हा येऊन पाहावं लागेल."