सहावं वळण मुंजाजीचं

पाटोद्यात लग्नपत्रिकेत ज्याचं नाव छापलं तो जेवायला येतोच. आणि ज्याचं राहिलं तो पुढची दहा वर्षं बोलत नाही. मग हाच कायदा गॅरेजला का लावू नये? हा विचार डोक्यात आला तेव्हा सिद्धाराम स्वतःच्या हुशारीवर इतका खूष झाला, की बीडपर्यंत एसटीत उभ्यानं गेला तरी त्याला बसून आल्यासारखं वाटलं!

सत्त्याण्णव साल होतं. केबलवर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती दिसायला लागल्या होत्या. त्या बघूनच सिद्धारामनं वडिलांच्या किराणा दुकानाशेजारी, गुळाच्या ढेपी हलवून, गॅरेज टाकलं होतं. वडिलांची, म्हणजे रेवणप्पांची, एकच अट होती. "दसऱ्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक दाव. न्हाई तर गपगुमान परत पुड्या बांधायला बस." दसरा पंधरा दिवसांवर आला होता आणि गॅरेजात आत्तापर्यंत फक्त एक शेळी येऊन गेली होती.

म्हणून पोस्टर! शर्यतीच्या रस्त्याचं, चांगलं भिंतभर!

बीडला बसस्टँडमागं पवनचा छापखाना होता. पवननं जन्मात लग्नपत्रिकांशिवाय काही छापलं नव्हतं, पण कॉम्प्युटर नवा होता. रद्दीतल्या मासिकातून फाडून आणलेलं चित्र त्यानं उलटंसुलटं करून बघितलं.

"हे काय बे? आतडं?"

"शर्यतीचा रस्ता हाय. रेघ लाल कर. कागद पिवळा घे."

"वर श्री गणेश प्रसन्न टाकू?"

"टाक."

"आन् ही सोळा वळणं मोकळीच? मोकळं बरं दिसत न्हाई. नावं सांग."

इथंच सिद्धारामचा कायदा कामी आला. फटफटी नाहीतर ट्रॅक्टर असलेल्या सोळा जणांची नावं त्यानं धडाधड सांगितली. तिसरं वळण रामहरी, सहावं मुंजाजी, अकरावं गहिनीनाथ. आणि जिथून शर्यत सुटते त्या रेघेवर, मान म्हणून, 'श्री. रेवणप्पा'.

पोस्टर लागलं आणि तासाभरात गॅरेजसमोर ही गर्दी! सिद्धारामनं हातात पाना घेऊन छाती फुगवली. पण आत कुणी येईना. मयताला आल्यासारखे हात बांधून लोक बाहेरूनच पोस्टर वाचत होते.

"लाल रेघ," रामहरी हळूच म्हणाला. "मोजणीच्या नकाशात रस्ता लालच असतो."

"आन् रानवाल्यांची नावं बी घातल्यात," गहिनीनाथ म्हणाला. "बायपास निघाला की राव!"

"काका, हा शर्यतीचा रस्ता हाय," सिद्धाराम पुढं झाला. "गाड्या इथून निघत्यात, गोल फिरत्यात आन् परत इथंच येत्यात."

"परत इथंच?"

"हो."

"मग निघत्यात कावून?"

सिद्धाराम डोकं खाजवत पाना पुसायला लागला. म्हणजे पोरगं काहीतरी लपवतंय, हे सगळ्यांना पटलं!

दुसऱ्या दिवसापासून लोक एकेकटे, मागच्या दारानं यायला लागले. रामहरी म्हणाला, "माझी हीर वाचव लेकरा, वळण जरा पलीकडं सरकव." गहिनीनाथची बायको ताराबाई पोस्टरपुढं नारळ ठेवून गेली. मुंजाजी तर रोज यायचा, "माझं नाव खोड" म्हणून. आणि ज्याचं नाव नव्हतं तो राजेश्वर थेट भांडायलाच आला. "माझं कावून न्हाई? मला मोबदला नको व्हय? माझ्या रानाला सरकार शिवत न्हाई व्हय?"

वैतागून सिद्धारामनं रामहरीच्या नावावर कागद चिकटवला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, रामहरीनं पोराला पैसे देऊन गाठलं! शेवटी तलाठी आला. पोस्टरसमोर बारीक डोळे करून म्हणाला, "आमच्याकडं अजून आला न्हाई हा नकाशा. तुमच्याकडं कुठनं आला?"

या सगळ्यात रेवणप्पा मात्र रोज दुकान बंद करताना पोस्टरसमोर थांबायचे, बोटानं लाल रेघ गिरवायचे, मधेच कुठंतरी बोट अडायचं. मग खोकून निघून जायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंजाजी फटफटीवरून आला. तोंडभर हसू, हातात पेढ्यांचा पुडा!

"घे, पेढा घे! नाव राहू दे आता. लई शोभून दिसतंय."

"फटफटीचं काही काम, काका? ऑइल? निदान हवा?"

"हवा कालच भरली, दुसरीकडं," म्हणत मुंजाजी गेलासुद्धा.

सिद्धाराम मान खाली घालून घरी आला. "अण्णा, एक बी गिऱ्हाईक न्हाई आलं. हरलो."

रेवणप्पांनी दार लावलं. खिडकी लावली. मग अगदी कानाशी आले. "गॅरेज जाऊ दे. घरातल्या माणसाला तरी खरं सांग. रस्ता कधी निघतोय?"

"अण्णा, रस्ता न्हाई. चित्र हाय निस्तं. आईशप्पत!"

रेवणप्पांनी खिडकी परत उघडली.

"मग मी मुंजाजीचं माळरान कावून घेतलं बे?"

"कोणतं? ते दगडाचं?"

"दगडं वरवर हायत," रेवणप्पा खोल आवाजात म्हणाले. "खाली खडक हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धाराम किराणा दुकानात जिरं तोलत होता. पोस्टरचा कागद जाड होता. तो वाया घालवायचा नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद! पहिली पुडी मुंजाजीला. त्यानं ती हातात घेतली, फिरवली, पिवळ्या कागदावर आपलं नाव वाचलं आणि जागच्या जागी थबकला.

"आता ही कसली योजना निघाली?"

पुडी फळीवर ठेवून तो आल्या पावली परत गेला. किराण्याचंही पहिलं गिऱ्हाईक गेलं. नाव छापलं की माणूस येतोच, हा कायदा बहुतेक जेवणापुरताच असावा!