निखळ मताचा माणूस

शहराचं जुनं स्टेडियम पाडून नव्याने बांधायचं की नुसती डागडुजी करून ठेवायचं, हे लोकांना विचारूनच ठरवायचं, असा निर्णय वरिष्ठ पातळीवर लोकांना न विचारता झाला. त्यासाठी लोकमत अधिकारी नेमले गेले आणि सभेचं आमंत्रण सर्वांना होतं.

लांब उडीच्या प्रशिक्षक सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसल्या. गावभर त्यांना उडीबाई म्हणत. स्टेडियमच्या कोपऱ्यातला वाळूचा खड्डा त्यांनी इतकी वर्षं स्वतःच्या हाताने चाळला होता, की वाळूत काच निघाली तर ती कुठल्या बाटलीची, हेही त्या सांगत. तो खड्डा वाचावा, एवढीच त्यांची मागणी होती.

"स्टेडियम नेहमी वापरणाऱ्यांनी हात वर करा," अधिकारी प्रसन्नपणे म्हणाले.

धावणारे, फुटबॉलवाले, सकाळी फेऱ्या मारणारे आजोबा, सगळ्यांनी उत्साहाने हात वर केले.

"छान. आता तुम्ही बाहेर थांबा. चहा ठेवलाय."

"म्हणजे? आमचं मत?" उडीबाईंनी विचारलं.

"बाई, तुमचे यात हितसंबंध आहेत. न्यायाधीश कधी स्वतःच्या मेव्हण्याचा खटला चालवतो का?"

"मग विचारणार कोणाला?"

"ज्यांना स्टेडियमचं काही देणंघेणं नाही त्यांना. त्यांचं मत निखळ असतं."

अशा निखळ मताच्या नागरिकांत उडीबाईंच्या सख्ख्या वहिनींची निवड झाली. वहिनींना खुर्ची मिळाली, ओळखपत्र मिळालं. त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "अगंबाई, मला तर वाटत होतं ते केव्हाच पाडलं."

"वहिनी, तुम्ही पाडायला नको म्हणा ना. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हटलं तर माझं निखळ राहील का? साहेबांनी बजावलंय तसं."

उडीबाईंनी ताट बाजूला सारून नियमांचं पत्रक वाचायला घेतलं. त्यात एक पळवाट होती. तीन महिने स्टेडियमात पाऊल न टाकणारा नागरिक निखळ धरला जाई. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं, समजावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्टेडियम ओस पडलं. फुटबॉलवाले गल्लीत खेळून लोकांच्या शिव्या खाऊ लागले. आजोबा गच्चीवर फेऱ्या मारून गरगरले. उडीबाईंकडे शिकणाऱ्या मुली बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर उड्या मारत आणि मुकादम आला की पळत. त्यामुळे त्यांचा वेग मात्र सुधारला. स्वतः उडीबाई स्टेडियमची भिंतही नजरेला पडू नये म्हणून लांबच्या रस्त्याने जात. खड्ड्याच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा, पण त्या फिरकल्या नाहीत.

मुदत संपताच सगळे छाती पुढे काढून सभेला गेले. अधिकाऱ्यांनी उठून स्वागत केलं.

"आता तुम्ही खऱ्या अर्थाने निखळ झालात. बोला."

"स्टेडियम आहे तसं ठेवा," उडीबाई म्हणाल्या. मागून एका सुरात दुजोरा आला.

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मग फाटकावर बसवलेल्या मोजणी यंत्राचा आकडा वाचून दाखवला. तीन महिन्यांत शून्य माणसं.

"जिथे कोणी फिरकत नाही ते ठेवायचं कशाला, बाई?"

"आम्ही तुमच्याच नियमासाठी गेलो नाही हो."

"म्हणजे वापराचा विचार मनात होता. मग तुम्ही निखळ कशा? बाहेर चहा ठेवलाय."

उडीबाईंना रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. वहिनी खुर्चीत चुळबुळत होत्या. अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्या नणंदेकडे न बघता पुटपुटल्या, "मला बाई त्यातलं काय कळतंय?" ही संमती एकमताने नोंदवली गेली.

आता तिथे लोकमत भवन उभं राहतंय. खड्डा होता तिथे पार्किंग आहे. निखळ नागरिकांच्या समितीवर एक जागा रिकामी आहे आणि अधिकारी योग्य माणसाच्या शोधात आहेत. स्टेडियमात ज्याने कधी पाऊल टाकलं नाही, उडीबाईंचं सगळं ज्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्येमध्ये हसलाही, आणि आता पान उलटून आपल्या कामाला लागणार आहे, असा माणूस त्यांना हवा आहे. तुम्हाला शोधायला त्यांना वेळ लागणार नाही.