सहा एमबीचा आवाज

'श्रवणदीप' संस्थेच्या संकेतस्थळावर अर्जासोबत आवाजाचा नमुना जोडला, की माणसाचा आवाज अर्जाबरोबर निघून जायचा आणि आठ दिवसांनी उत्तरासोबत परत यायचा. अंधांसाठी पुस्तकं वाचू इच्छिणाऱ्यांना हे ठाऊक असे. ते तेवढे दिवस खुणांवर भागवत.

मिरजेच्या सुमतीबाई मगदुमांचा आवाज मात्र महिना झाला तरी परतला नव्हता. शेवटी त्या कार्यालयातच आल्या आणि संकेतस्थळाचं काम बघणाऱ्या केतकी उपळेकरसमोर त्यांनी चिठ्ठी ठेवली.

'ह्यांना दिसत नाही. घरात परकी बाई वावरते म्हणतात. खोलीला आतून कडी लावून बसतात.'

केतकीनं शोधलं. आवाज सहा एमबीचा होता, मर्यादा पाचची. त्यामुळे अर्ज नाकारला गेला होता आणि आवाज सर्व्हरवर तसाच पडून होता, अर्ज क्रमांकाशिवाय.

"क्रमांक नाही, मग पाठवणार कुणाला?" साहेब म्हणाले. "त्यांना नवा अर्ज करू दे."

"नव्या अर्जाला आवाज जोडावा लागतो, सर. तोच तर त्यांच्याकडे नाही."

साहेबांनी नियम पुन्हा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. "आधी आवाज यांचाच आहे ना, ते तर बघा."

केतकीनं फाइल उघडली. घशात काहीतरी कोमट उतरलं.

"हाच का हो?" तिनं विचारलं, पण खालच्या पट्टीत, किंचित खरखरीत. सुमतीबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि जोरजोरात मान हलवली.

फाइल आता रिकामी होती. केतकीनं ती तीनदा बंद करून उघडली. सुमतीबाईंनी तिचा हात धरला, तो थेट घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

बंद खोलीसमोर त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

"अहो, आले मी," केतकीनं वाचलं.

कडी निघाली. सुमतीबाईंचे यजमान, अण्णा, चौकट धरून उभे होते.

"कुठं होतीस गं इतके दिवस?" मग त्यांनी मान तिरकी केली. "आणि ही दुसरी चाहूल कुणाची?"

केतकी गडबडली. स्वतःबद्दल काय सांगायचं? सुमतीबाई अजून लिहीतच होत्या. तेवढ्यात घशातून आवाज आपसूक निघाला.

"हापिसातली पोरगी आहे. तुम्हीही बसा पानावर, दोघांना वाढते."

सुमतीबाईंनी पेन ठेवलं आणि ताटं घ्यायला आत गेल्या.