ठिणगीचा राजीनामा

"ठिणगी पथक सोडणार," ढमीने पावाला लोणी लावत जाहीर केलं.

आईचा चहाचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"कोण ठिणगी?" बाबांनी वर्तमानपत्रातून विचारलं.

"बाबा! चित्रकथेतल्या पहाट पथकातली. पंधरा वर्षांची. हातातून वीज काढते ती. ती आता पथक सोडून दुसऱ्या टोळीत, गच्ची मंडळात जाणार."

"बरं झालं. पथकात फार लवकर उठावं लागतं म्हणे," म्हणून बाबा पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

ही बातमी मात्र खरी होती. ठिणगी पथक सोडते ते पान तिने कालच स्वतःच्या हाताने पूर्ण केलं होतं. मुलांच्या त्या चित्रकथेच्या पाक्षिकात ती सोळा वर्षं अक्षरं काढत होती. चित्रकाराकडून पान यायचं ते तोंडं उघडी आणि फुगे रिकामे असं. फुग्यांत संवाद भरायचे ते आईने. वाक्य कुठे तोडायचं, कुठला शब्द ठळक करायचा, हे कळायला ती ते दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणून बघायची. वाक्य तोंडात घोळल्याशिवाय फुग्यात नीट बसत नाही, असं तिचं ठाम मत होतं. कचेरीत सगळे तिला अक्षरताई म्हणत आणि तिच्या बोलक्या टेबलाला सरावले होते.

पुढच्या अंकातलं ते पान फक्त चौघांना माहीत होतं: लेखक, चित्रकार, संपादक आणि अक्षरताई. 'घरी एक अवाक्षर काढणार नाही' असं तिने सहीनिशी लिहून दिलं होतं, आणि काढलंही नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

दोन दिवसांनी संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पत्रांचा ढीग होता. 'ठिणगी राहणार की जाणार? ओळखा पाहू!' अशी स्पर्धा त्यांनीच काढली होती. शनिवारपर्यंत हवं तितक्या वेळा मत बदलायची मुभा होती, शेवटचं पत्र धरलं जाणार होतं. पत्रं टाकायची पेटी कचेरीच्या दारातच होती.

"ताई, एकतीस पत्रं. सगळी एकाच शाळेतून, एकाच वर्गातून. एकतिसांच्या एकतीस म्हणतात, ती सोडणार. तुमची मुलगी कुठल्या शाळेत आहे हो?"

"त्याच," आई कशीबशी म्हणाली. "पण साहेब, शपथ घेऊन सांगते, मी घरी काही बोलले नाही."

"मग भिंती बोलल्या का?" संपादकांनी कपाळाला हात लावला. ते वाईट नव्हते, पण खप घसरत चालला होता आणि ठिणगीवर त्यांची सगळी भिस्त होती. "शेवटचं पान बदलतोय. ती पथकातच राहणार. आणि हेही फुटलं ना, तर मात्र फुगे भरायला मला दुसरं कोणी बघावं लागेल."

सोळा वर्षं! नोकरीपेक्षाही, आपल्यावर फितुरीचा ठपका यावा हे तिच्या जिव्हारी लागलं. दुपारभर ती नवा संवाद भरत बसली. 'जाणार होते. पण माझ्याशिवाय तुमचं पानही हलणार नाही. राहते!' ठिणगीचं 'राहते' चार वेळा खोडून पाचव्यांदा जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढमी दात घासत बाहेर आली. "आई, वर्गात सांगायला हवं. ठिणगी थांबतेय."

आईने तिचा ब्रशसकट हात धरला. "हे तुला कोण सांगतं? खरं सांग!"

"तूच."

"मी? कधी?"

"काल. बाबांनी विचारलं, माझे मोजे कुठे आहेत. तू म्हणालीस, 'माझ्याशिवाय तुमचं पानही हलणार नाही!' आणि 'हलणार नाही' इतक्या जोरात, की ते ठळक अक्षरातलं आहे हे कोणालाही कळेल. आणि सोमवारी? हातात झारा घेऊन म्हणालीस, 'मला इथे फक्त कामापुरतं बोलावता. पुरे झालं तुमचं पथक!' आपल्या घराला पथक कोण म्हणतं, आई?"

आता आईच्या लक्षात आलं. दिवसभर घोळवलेली वाक्यं तोंडातच राहून संध्याकाळी घरात सांडत होती, आणि तिला आपलं वाटत होतं की आपण घरच्यांना चांगलं खडसावलं.

बाबा मात्र एकदम खुलले. "म्हणजे ते सगळं ठिणगीचं होतं होय? मला उगाच वाटलं, तू चिडलीस की काय!"

"आम्ही तर मनावर घेतच नाही," ढमीने धीर दिला. "मी फक्त लिहून ठेवते."

हे ऐकून आईला बरं वाटायला हवं होतं. पण वाईटच वाटलं, आणि तेही फार. शिवाय पेच असा, की 'वर्गात सांगू नकोस' म्हणायचीही सोय नव्हती. तसं म्हटलं तर अंदाज बरोबर असल्याचं तिनेच कबूल केल्यासारखं झालं असतं.

"मला काही माहीत नाही," एवढंच ती म्हणाली.

"ठीक आहे. मी उद्यापर्यंत वाट बघते. खात्री झाल्याशिवाय मी सांगत नाही, माझं नाव आहे वर्गात."

कचेरीत आईने पान पुन्हा बदलता येईल का, असं आडून विचारून पाहिलं. चित्रकाराने ब्रशच खाली ठेवला. "आणखी एकदा काढायला लावलं तर मी स्वतः गच्ची मंडळात जाईन!" संध्याकाळी अंक छपाईला गेला. आता ठिणगी राहिली ती राहिली, आणि आईची नोकरी ढमीच्या हातात होती.

आज घरी तोंडच उघडायचं नाही, असा निश्चय करून आई दारातून आत आली. बाबा चष्म्यांच्या दुकानातून आधीच आले होते. दिवसभर ते लोकांना 'हे दिसतंय का, ते दिसतंय का' असं विचारत, पण सिंकमधली सकाळची भांडी त्यांना दिसली नव्हती. आई काही बोलली नाही. पलंगावर ओला टॉवेल होता. तरीही बोलली नाही. मग तिने पाहिलं, की बाबा तिच्या सगळ्यात बारीक निबाने एका चष्म्याचा स्क्रू पिळत आहेत.

निबाचं टोक मोडल्याचा आवाज आला.

"या घरात माझं कोणी ऐकतं का?" आई कडाडली. "सोळा वर्षं मी ओरडतेय आणि तुम्ही हसताय! बास. मी चालले!"

बाबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! हा कुठल्या फुग्यातला?"

ढमीची वही केव्हाच उघडली होती. "परत बदललं! आई, 'बास' ठळक आहे ना?"

आईने दोघांकडे एकदा नीट पाहिलं. मग कपाटावरून बॅग काढली, चार कपडे भरले, कचेरीत रजेचा फोन केला आणि ती बहिणीकडे निघून गेली. बॅगेपर्यंत अभिनय पोचल्याचं पाहून बाबा थक्क झाले. ढमी तोवर मैत्रिणींना फोन करण्यात गुंतली होती. "सोडतेय! शंभर टक्के! मी स्वतः ऐकलं!"

शनिवारी दुपारी बहिणीकडचा फोन वाजला. संपादक आनंदाने जवळजवळ किंचाळत होते. "ताई, एकतिसांच्या एकतीस चुकली! सगळी म्हणतात, सोडणार! मी तुमच्यावर उगाच संशय घेतला, माफ करा. पण या वेळी तोंड कसं काय बंद ठेवलंत?"

"बंद नाही ठेवलं, साहेब," आई म्हणाली. "या वेळी माझं स्वतःचं बोलले."

अंक निघाला. ठिणगी पथकातच राहिली. वर्गात ढमीची अब्रू गेली, पण तिला त्याचं दुःख करायला वेळ नव्हता, कारण ती भांडी विसळत होती आणि बाबा पुसत होते.

"काय वाटतं तुला?" बाबांनी हळूच विचारलं. "रविवारी येईल का गं ती?"

ढमीने ताटली विसळून बाबांच्या हातात दिली.

"काय सांगू, बाबा? ती फोनवर नुसतं 'बघू' म्हणते. आणि ते ठळक नसतं."