बर्फावरचे झिलकरी

"तू फक्त गा, मार्लिस! पुरुषमंडळी आणायचं काम माझं!" पॅनकेकचा शेवटचा तुकडा मेपलच्या पाकात बुडवत आर्विड लुंडेने जाहीर केलं.

आर्विडचे जाहीरनामे त्याची बायको मार्लिस लग्नापासून ऐकत आली होती. गॅरेजचं छप्पर मीच घालणार, हा त्यातलाच एक. त्यांची गाडी अजून शेजाऱ्याच्या गॅरेजात झोपत होती!

पण या वेळी प्रकरण जिवावरचं होतं. तळ्याकाठच्या चर्चमधला गायकवृंद मार्लिसचा. थंडी पडून तळं गोठलं, की गावातले झाडून सगळे पुरुष मासे धरायला बर्फावर. चर्चात उरायच्या चार बायका आणि एक ऑर्गन. वरचा सूर आभाळाला टेकलेला, खाली खर्जाचा पत्ताच नाही! मंडळी, मागे झिलकरी नसले तर बुवांच्या कीर्तनाची काय दशा होते ते मी सांगायला नको. तशीच दशा.

"या रविवारी खर्ज आला नाही," मार्लिस शांतपणे म्हणाली, "तर गाणं बंद. वह्या कपाटात, कपाटाला कुलूप."

तिचा हा शांत आवाज आर्विडला गोठलेल्या पाण्यापेक्षा जास्त कापरं भरवायचा. त्याने डोकं लढवलं. पुरुष चर्चात येत नाहीत ना? मग चर्च तळ्यावर नेऊ!

पाद्रीबाई सॉल्वेग तर ऐकूनच हरखल्या. अडला तो डेलमार. डेलमार म्हणजे गावातला सगळ्यात भारदस्त खर्ज आणि सगळ्यात आडमुठा मासेमार.

"येतो," डेलमार म्हणाला, "पण गळ पाण्यातच राहणार. आणि मध्येच झेंडी उभी राहिली तर?"

"प्रार्थना संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही!" आर्विडने बजावलं.

"झेंडी उभी राहिली तरी?"

"तरी!"

हे मागणं किती भयंकर होतं ते तळ्यावरच्या माणसालाच कळेल. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, त्यावर लाकडी फुली आडवी ठेवायची, गळ खाली सोडायचा. फुलीवरची झेंडी वाकवून एका काडीखाली अडकवायची. माशाने ओढ दिली की काडी फिरते, झेंडी ताडकन उभी! ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने "झेंडी!" म्हणून बोंब ठोकायची आणि सगळ्यांनी धावायचं. झेंडी कोणाची, हा प्रश्न नंतरचा. डेलमारच्या लग्नात कुणाच्या तरी टोपीवरचं लाल पीस उभं राहिलं, तर अर्धं वऱ्हाड दाराबाहेर! त्यात नवरदेव सर्वांत पुढे!

सगळ्यांनी शपथ घेतली खरी, पण तिच्यावर विसंबणं धोक्याचं. आर्विडने गुपचूप एक पक्का इलाज योजला. त्या काडीची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरीला खाच. तव्यात मावणारे हे छोटे मासे फार नाजूक, आमिष नुसतं चाखतात. म्हणून त्यांच्यासाठी झेंडी गुळगुळीत बाजूला अडकवायची, फुंकरीनेही सुटते. खाचेत अडकवली, तर देवमासा आला तरच सुटेल!

रविवारी सगळे कॉफीभोवती जमले असताना आर्विड ओणवा होऊन भोकाभोकापाशी फिरला. चष्म्यावर बर्फाची साय, हातात जाडजूड मोजे. पण हाताला सवय होती. झेंडी दाब, काडी अर्धी फिरव, पुन्हा अडकव. पुढचं भोक! स्वतःची तर त्याने सकाळीच खाचेत टाकून ठेवली होती.

"कुठे होतास?" मार्लिसने विचारलं.

"देवाच्या कामात!"

पाद्रीबाईंनी हात जोडले. बायकांनी सूर लावला आणि थंडीने बधिरलेले पाय तालात आपटले.

धप, धप.

ताड! एक झेंडी उभी.

आर्विडने घाईघाईने चष्मा पुसला. पुरुषांच्या माना जागीच, पण डोळे कानापर्यंत सरकले. ताड! ताड! डेलमार घामाघूम. उणे तापमानात घाम! पाद्रीबाईंनी डोळे घट्ट मिटले, मग एक किलकिला केला.

"देवा, या तुझ्या लेकरांना मोहापासून लांब ठे—झेंडी!!"

शेवटी त्याही त्याच गावच्या! झगा सावरत त्या पुढे, मागे अख्खी जमात. क्षणात प्रार्थनास्थळी चार बायका आणि एक गोंधळलेला कुत्रा.

भोकांपाशी मात्र हाहाकार! गळाला मासा नाही. झेंडी वाकवावी, तर वाऱ्याने पुन्हा उभी. वाकवावी, पुन्हा उभी! काडी खाचेकडे फिरवावी, तर ती आता गोठून जाम!

"कोणी केलं हे?" डेलमार गरजला. "वारा सुटला म्हणून सकाळी खाचेत टाकली होती मी!"

"मीपण!"

"आम्ही सगळ्यांनीच!"

आर्विडला बर्फ दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने खाचेतल्या झेंड्या काढून गुळगुळीत बाजूला लावल्या होत्या! त्याने वळून पाहिलं. मार्लिस वही मिटत होती. रागाने नव्हे, हळूच. झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तशी.

ते काही त्याला बघवेना. तो होता तिथूनच त्याने खर्ज लावला. खर्ज कसला, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर! पण डोळे मिटून, जीव तोडून.

"अरे, खाली, खाली!" डेलमार कळवळला. "सुराचा खून करतोस की, गाढवा! असा!" आणि झेंडी दाबून धरत त्याने खरा खर्ज सोडला. पलीकडच्या भोकावरून तिसऱ्याने उचलला, मग चौथ्याने. झेंडीवरचा हात कोणाला काढता येईना, पण गळे मोकळे होते! एवढ्यात खालून तळ्याचा बर्फही घुमला, लांबलचक, गंभीर. जणू प्रत्यक्ष परमेश्वरच साथीला बसला!

मार्लिसने वही उघडली. लाल हातमोजा उंच केला आणि अख्ख्या तळ्याला ताल दिला. पाद्रीबाईंना रडू आवरेना.

गाणं संपलं तेव्हा डेलमारला एक गोष्ट दिसली. सगळ्या तळ्यावर एकच झेंडी कोणी न धरता जागेवर आडवी होती.

"आर्विड, ही कुणाची रे?"

"वारा... म्हणजे... त्या बाजूला जरा आडोसा..."

डेलमारने ती दोरी वर ओढली. गळाला तळहाताएवढा गुबगुबीत ब्लूगिल मासा! बिचारा केव्हापासून इमानाने लटकला होता.

"घेऊ का याला त्याच भोकात बुडवून?" डेलमारने विचारलं. मासा की आर्विड, ते त्याने सांगितलं नाही.

"नको, माझ्या खर्जाला सर्दी होईल," मार्लिस म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचे गाल फुलले होते. "वह्या काही कपाटात जात नाहीत. सगळ्यांनी सरावाला यायचं. शनिवारी, चर्चमध्ये, सूर्य मावळताना!"

सूर्य मावळताना? अहो, मासे गळाला लागतात ते मुळी तेव्हाच!

"पण मार्लिस—"

"तक्रार असेल त्याने काड्या फिरवणाऱ्याशी बोलावं!"

शनिवारी एकूण एक खर्ज हजर होता. तोंडं देवाकडे, डोळे खिडकीतून तळ्याकडे. आणि आर्विड? त्याला मार्लिसने पहिल्या रांगेत उभं केलं होतं. खिडकीकडे पाठ करून!