टिटवीचा खरा पत्ता

एका जंगलात, बाळांनो, आकाश अजून कोणाच्याही मालकीचे नव्हते. ज्याला पंख होते तो उडे, आणि कुठे निघालास असे त्याला कोणी विचारत नसे.

मग एका दुपारी सिंहमहाराजांच्या पुढ्यातला मांसाचा तुकडा वरून कोणीतरी उचलून नेला. कोणी, ते दिसले नाही. महाराज चिडले. मंत्री साळिंदरपंतांनी दुसऱ्याच दिवशी नियम काढला: उडणाऱ्या प्रत्येकाने उडताना ओरडून तीन गोष्टी जाहीर कराव्यात. आपले नाव, आपली उंची आणि आपल्या घरट्याचा पत्ता.

नियम काटेकोर होता. त्यात उड्डाणाची व्याख्यासुद्धा होती: पंख हलवत हवेत राहणे म्हणजे उड्डाण. तुकडा नेणारी घार पंख पसरून नुसती तरंगत असे. त्यामुळे नियम तिला लागू झाला नाही. तिने त्याचे मनापासून स्वागत केले.

पंचाईत झाली ती टिटवीची. तिचे घरटे झाडावर नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? नदीकाठच्या गोट्यांत, उघड्यावर, गोट्यांसारखीच दिसणारी तिची चार अंडी होती. कोणी जवळ येऊ लागले की टिटवी भलतीकडे जाऊन गळा काढी, आणि येणारा तिकडे वळे. तिची आईही हेच करी. त्या घराण्यात खरा पत्ता आजवर कोणी सांगितला नव्हता.

ती मंत्र्यांच्या बिळापाशी गेली.

“पंत, नाव सांगते. उंची सांगते. पण घराचा पत्ता आभाळातून कशाला ओरडायचा?”

“टिटवीबाई, ज्याला काही लपवायचं असतं तोच असं विचारतो.”

“लपवायचंच आहे. चार अंडी आहेत.”

“मग अंड्यांची वेगळी नोंद करा,” पंत जांभई देत म्हणाले. साळिंदर दिवसा झोपतो. “आणि खोटा पत्ता द्याल, तर मोसमभर उड्डाणबंदी!”

टिटवी घाबरली. उडता आले नाही, तर शत्रूला चकवणार कशी? म्हणून दुसऱ्या दिवशी ती खरे ओरडली.

“टिटवी! दोन बांबू उंच! नदीकाठ, करवंदीच्या जाळीपासून सात पावलं, तीन पांढऱ्या गोट्यांच्या मधे!”

करवंदीखाली घोरपड ऊन खात पडली होती. तिने सात पावले मोजली.

टिटवी परतली तेव्हा तीन अंडी संपली होती. चौथ्यासाठी ती घोरपडीच्या तोंडावर पंख आपटत राहिली, तेव्हा कुठे घोरपड हटली. मग टिटवीने ते अंडे चोचीने ढकलत ढकलत दूरच्या गोट्यांत नेले आणि पुन्हा बीळ गाठले.

“पंत, तीन गेली. चौथं हलवलंय.”

“हलवलंत? म्हणजे पत्ता बदलला. उद्यापासून नवा ओरडा. आणि नोंदीतली तीन अंडी कमी करून घ्या, नाहीतर माहिती चुकीची ठरेल.”

दुसऱ्या सकाळी टिटवीने थेट आईचा गळा लावला.

“टिटवी! दोन बांबू उंच! जुन्या वडाच्या मुळाशी, मोठं बीळ, आत डावीकडे!”

ते बीळ पंतांचे होते. दुपारपर्यंत तिथे घोरपड येऊन गेली, मुंगूस येऊन गेला आणि दोन साप आत शिरून बसले. पंत काटे फुलवून बाहेर आले.

“माझ्या घराचा पत्ता आभाळातून ओरडतात! ऊठसूट कोणीही आत येतं! ही काय पद्धत झाली?”

“पद्धत तुमचीच आहे, पंत.”

शिक्षा तत्काळ झाली. मोसमभर उड्डाणबंदी. उडायचे नाही, म्हणून ओरडायचेही नाही. जो उडत नाही त्याचा पत्ता राज्याला नको होता.

टिटवी गोट्यांत गप्प बसून राहिली. घोरपड करवंदीखाली कान देऊन पडून राहिली. पण नवा पत्ता तिला कोणी सांगितला नाही, आणि सांगितल्याशिवाय अंडे कोणते नि गोटा कोणता, हे तिला ओळखता येईना. मोसम सरता सरता पिल्लू बाहेर आले. टिटवीने त्याला पहिला धडा दिला: वर घार दिसली की हलू नकोस, बोलू नकोस.

त्याच दुपारी महाराजांच्या पुढ्यातला तुकडा पुन्हा गेला. पंतांनी सर्व नोंदी तपासल्या. त्या वेळी आकाशात कोणीही नव्हते, हे निर्विवाद सिद्ध झाले.

तात्पर्य: कायदा आपले रक्षण करतोच, त्यासाठी आधी तो मोडून शिक्षा तेवढी मिळवावी लागते.