चहाच्या रंगाची गिटार

मी चहा सोडला तो एका गिटारीसाठी. (हे वाक्य माझ्या माहेरी, मांडवगण फराट्याला, कुणाला सांगून बघा. आधी विचारतील, गिटार कशाला आणली? मग म्हणतील, सुलक्षणानं चहा सोडला? जा, काहीतरीच!)

तशी सोडायची मला सवय आहे. चातुर्मासात वांगं सोडते. सत्यजीतच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, दहावीला साखर सोडली, इंजिनिअरिंगला भात सोडला, नोकरीसाठी पायातल्या चपला सोडल्या. (तो आणखी शिकला असता तर माझ्या ताटात नुसतं पाणी उरलं असतं.) पण सोडायच्या यादीत चहा कधी घातला नव्हता. काही गोष्टी देवानं मागू नयेत आणि आपणही आपण होऊन पुढं करू नयेत, असं माझं साधं मत होतं.

झालं असं, की आमच्या ह्यांना, हनुमंतरावांना, दौंडहून रखमाजीभावजींचा फोन आला. हे मूळचे दौंडचे, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. तरुणपणी दोघांचा ऑर्केस्ट्रा होता. भावजी कोंगोचे ढोल वाजवायचे आणि हे गिटार. गिटार ह्यांची नव्हे, शेजारच्या गार्डसाहेबांची. साहेबांची बदली झाली, गिटार त्यांच्या सामानाबरोबर गेली, ह्यांना शिक्रापूरच्या कारखान्यात नोकरी लागली, आम्ही शिरूरला घर केलं, आणि तारांवरची बोटं प्रेस मशीनवर गेली ती रिटायर होईपर्यंत. रिटायर झाल्यावर तर हे इतके गप्प झाले, की दिवसभरात कुकरची शिट्टी झाली तरी मला कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

भावजी फोनवर असे बोलतात की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"हनम्या, मंडळाला पन्नास वर्सं झाली. गणपतीत सगळे जुने वाजवणार हायेत. तू आला न्हाईस तर कोंगो भीमेत सोडीन!"

"बोटं राहिली न्हाईत रं."

"किती गेली?"

"तसं न्हवं. वळत न्हाईत. आन् गार्डसाहेबासारखी गिटार कुठं मिळतीय आता? एका पिकअपची?"

फोन ठेवल्यावर ह्यांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर हलत होती. मी ते पाहिलं आणि पुण्याला सत्यजीतला फोन लावला.

पिकअप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडीच आली होती. पण सत्यजीतनं समजावलं: तारांच्या खाली एक चुंबकाची काळी पट्टी असते, ती तारांचा आवाज पकडून स्पीकरकडे पाठवते. कुणाच्या गिटारीला अशा दोन असतात, कुणाच्या तीन.

"आण्णा, तीनवाली घ्या ना," रविवारी घरी आल्यावर तो मोबाइल दाखवत म्हणाला. "पाहिजे तसा आवाज बदलता येतो. एकवाल्यात काय ऑप्शनच नाही."

"म्हनूनच पायजे," हे म्हणाले. "लई बटणं असली की माणूस वाजवत न्हाई, बटणंच फिरवीत बसतो. ह्याला एक पट्टी, ती बी पार घोडीजवळ, तारा टेकत्यात तिथं. एक आवाजाचं बटण, एक टोनचं. मऊ पायजे? बोट हलकं ठेव. कडक पायजे? घोडीकडं सरक. जे काय करायचं ते हातानं. चुकलास तर चूक बी तुझीच ऐकू येती, लपायला जागा न्हाई."

रिटायर झाल्यापासून हे एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलले. सत्यजीत बघतच राहिला. मला मात्र लगेच कळलं. एकभुक्तासारखं आहे हे! दिवसातून एकदाच, एका बैठकीत, पानात असेल ते. पाच वेळा खाणाऱ्याला चवीचा पत्ता नसतो, आणि एकभुक्त करणाऱ्याला साध्या मुगाच्या खिचडीतली एकेक मिरी कळते. मी तसं बोलून दाखवलं, तर हे माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं ऑर्केस्ट्रात एक बाई कमी होती आणि ती आत्ता सापडली.

नवी पण जुन्या घडणीची अशी ती गिटार श्रावणातल्या सोमवारी घरी आली. ह्यांनी ती खोक्यातून बाहेर काढली. रंग हुबेहूब चहाचा. दूध जरा सढळ हातानं घातलेल्या, आलं ठेचून उकळलेल्या चहाचा.

आणि इथं मी एक एवढासा निर्णय घेतला. म्हटलं, "आधी देवापुढं ठेवायची. मग वाजवा."

देवघराशेजारी पाट मांडला, गिटार उभी केली, हळदकुंकू वाहिलं. शेजारी तो लहानसा स्पीकरचा डबा. आणि हात जोडल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हाळसाकांता, ह्यांची गिटार दौंडला वाजू दे. वाजली की तिथंच चहा घेईन. तोवर थेंब नाही." बोलून झाल्यावर जीभ चावली, पण बोललेला नवस गिळता येत नाही. हे मीच तर अख्ख्या आळीला सांगत असते.

ह्यांनी वायर जोडली, बटण दाबलं, आणि चष्मा आणायला आत गेले. गिटारीला कुणाचा हात नाही, आणि डब्यातून आवाज आला:

घूंऽऽऽऽ.

खोल, अखंड, कुठं न तुटणारा. मी पुन्हा हात जोडले. हे बाहेर आले, त्यांनी तारांवर हात ठेवला, आवाज बंद. हात काढला, आवाज सुरू.

"अहो, ओंकार!" मी म्हणाले.

"हमिंग हाय ते. एका पिकअपची गिटार भुणभुणतीच. जवळ कुठं विजेचं काय असलं की धरती."

मी मान हलवली, पण मनात म्हटलं, ह्यांचं सगळं आयुष्य मशीनीत गेलं, ह्यांना काय कळणार. आणि फक्त एकाच व्यक्तीला सांगितलं. ती व्यक्ती म्हणजे आमच्या शेजारच्या पुतळाबाई. (माझी चूक तिथं झाली असं सत्यजीत म्हणतो. मी म्हणते, मी एकीलाच सांगितलं होतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात चपलांचा ढीग. भजनी मंडळातल्या बायका सतरंजीवर डोळे मिटून बसलेल्या, पुढं घूंऽऽ चाललेलं. त्यातच हे उठले आणि सराव करायला गिटारीकडे गेले.

"अवं हात नका लावू!" पुतळाबाई ओरडल्या. "तुमी हात लावला की देव गप बसतोय!"

"अवो, माझी गिटार हाय ती."

"असू दे. तुमची असली म्हनून काय झालं? श्रावण हाय, जरा दमानं घ्या."

जगात गिटार वाजवू नका असं पुष्कळांना सांगितलं गेलं असेल. पण गिटार न वाजवल्यानंच छान वाजते, असं ऐकून घेणारे आमचे हेच पहिले.

त्यातून ते वाढतच गेलं. पुतळाबाईंनी हुकूम काढला, श्रावण संपेपर्यंत गिटार देवापुढून हलवायची नाही आणि डबा बंद करायचा नाही. माजी नगरसेवक पोपटराव दर्शनाला येऊन गेले आणि म्हणाले, "वैनी, दारात मांडव टाकू. फ्लेक्स मी लावतो." फ्लेक्सवर त्यांचा फोटो मोठा, गिटार बारकी, असं ठरलंसुद्धा. आणि आमचे हे मागच्या पडवीत बसून लाटण्यावर बोटांचा सराव करत होते. एकदा पोळ्यांच्या वेळी मी ते मागायला गेले, तर म्हणाले, "थांब, एवढी ओळ होऊ दे."

लाटण्याला तारा नसतात हो. ह्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून अडखळत होतं. गणपती तोंडावर आले होते. रात्री हे म्हणाले, "रखमाजीला सांगून टाकतो, जमायचं न्हाई." रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. पण हे सवयीनं म्हणाले, जसं आयुष्यभर एकेक गोष्ट खाली ठेवत आले तसं.

मला झोप लागेना. (चहा नसल्यामुळे डोकंही ठणकत होतं, ते वेगळं.) देवाला म्हटलं, तुझा ओंकार राहू दे, पण ह्यांचाही काही सूर आहे की नाही?

पुढच्या सोमवारी बायका जमलेल्या असताना मी देवाच्या फोटोवरची धूळ पुसायला घेतली. फोटोमागं आमची ती विजेची प्रभावळ आहे, लाल-हिरवी गरगर फिरणारी. फडकं अडकेल म्हणून मी तिचं बटण बंद केलं.

ओंकार बंद.

बायकांनी डोळे उघडले. मी बटण चालू केलं. घूंऽऽ. बंद केलं. शांत. चालू केलं. घूंऽऽ. पडवीतून हे लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.  संसारात 'मी सांगत नव्हतो का' हे न बोलता ज्यांना बोलता येतं, त्यांत आमच्या ह्यांचा नंबर फार वर लागेल.

मी शरमेनं म्हणाले, "पुतळाबाई, हा ओंकार नाही. ह्या प्रभावळीचा आवाज आहे."

पुतळाबाईंनी प्रभावळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "प्रभावळ कुनाची हाय?"

"देवाची."

"मंग आवाज कुनाचा?"

 आणि पुतळाबाईंनीच पाटावरची गिटार उचलून ह्यांच्या हातात दिली. "आता वाजवा, भावजी. देवाचं म्हनून झालं." त्या दिवसापासून आमच्या घरात गिटार वाजू लागली. चुकत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. चुका लपत नव्हत्या, आणि मला त्या चुकाही गोड लागत होत्या.

गणपतीत आम्ही दौंडला गेलो ते पोपटरावांच्या गाडीतून, अख्ख्या भजनी मंडळासकट. ती गाडी पिकअपच निघाली. (गिटारीला एक कमी पडत होता ना.)

मंडपात पाऊल टाकलं आणि माझा धीर सुटला. एका प्रभावळीनं एवढा घोळ घातला होता. इथं तर खांबाखांबाला माळा, कारंजी, गणपतीमागं फिरतं चक्र! ह्यांनी वायर जोडली मात्र, सगळ्या मंडपात घूंऽऽऽ घुमलं. साउंडवाला पोरगा धावत आला. "काका, लय हमिंग येतंय. माझ्याकडं नवी गिटार हाय, दोन पिकअपची, एकदम क्लीन. ती घ्या."

रखमाजीभावजींनी कोंगोवरचा हात काढला. हे उभे होते. मी खालून पाहत होते. ह्यांचे ओठ जरासे हलले. नवी गिटार घेतील, मी म्हटलं, आता हीपण खाली ठेवतील.

ह्यांनी तारांवर तळहात ठेवला, आणि सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत मला आठवलं. ह्याच दौंडात, मामाच्या घरी गणपतीला आले असताना, पोरींच्या घोळक्यात मी अशीच मांडवात बसले होते. असाच घूंऽऽ आवाज चाललेला. एका काटकुळ्या मुलानं तारांवर हात ठेवला, सगळं थांबलं, आणि मी मान वर केली. (केवळ मान वर केली. पण मामीनं ते पाहिलं, आणि वर्षाच्या आत लग्न झालं.) ती शांतता मी जन्मभर जपून ठेवली होती. तिच्या आधीचा आवाज तेवढा विसरले होते.

मग ह्यांनी पहिला सूर लावला. काही तो अगदी स्वच्छ नव्हता, थोडा खरखरीत, आतून गरम. दुसऱ्या गाण्यात बोट एकदा घसरलं, सगळ्यांना ऐकू आलं, आणि रखमाजीभावजी इतके खूश झाले की तालच सोडून म्हणाले, "हाच! हाच आमचा हनम्या!" पुतळाबाई डोळे पुसत होत्या. साउंडवाला पोरगा मोबाइलवर गिटारीचा फोटो काढत होता.

कार्यक्रम संपला. रखमाजीभावजींच्या रतनबाई लगबगीनं दोन कप चहा घेऊन आल्या. आल्याचा, दूध सढळ घातलेला. कपातला रंग आणि ह्यांच्या गळ्यातल्या गिटारीचा रंग एक. मी डोळे मिटून म्हाळसाकांताचे आभार मानले आणि कप ओठांशी नेला.

"थांब," हे म्हणाले.

"आता काय?"

"त्यो पोरगा नवी गिटार घेऊन आला ना, तवा मी घाबरलो. वाटलं, त्याचीच घ्यावी. मग म्हनलं, तू करतीस तसं करून बघू. मी बी नवस बोललो."

माझे डोळे भरून आले. उभ्या जन्मात ह्या माणसानं देवाकडे काही मागितलं नव्हतं. "काय बोललात हो?"

"तूच म्हनतीस, आवडीचं सोडायचं. मला काय आवडतं? तुझ्या हातचा चहा. म्हनलं, देवा, येवढी येळ निभावून ने. आमी दोघं सव्वा महिना चहाला शिवनार न्हाई."

"दोघं?"

"एकट्यानं सोडायला जिवावर आलं गं."

मी कप खाली ठेवला. बोललेला नवस गिळता येत नाही, हे अख्ख्या आळीला मीच शिकवलेलं, आणि अख्खी आळी समोर उभी होती. वाफ वर जात होती. साय धरायला लागली होती.

"नवसाचा चहा वाया जाऊ देऊ नये," असं म्हणून पुतळाबाईंनी दोन्ही कप उचलले, आणि भक्तिभावानं, डोळे मिटून, एकामागोमाग एक पिऊन टाकले.